डोमिसाइलचा ऑनलाइन अर्ज, आणि मुदत टळली तर करायचे अपील

वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाचा दाखला, म्हणजेच डोमिसाइल, 'आपले सरकार' पोर्टलवरून काढता येतो. फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही, वेळ जातो तो कागद जुळवण्यात. म्हणून मुलांची परीक्षा संपली की लगेच अर्ज टाका. प्रवेशाच्या दिवसांत झुंबड उडते आणि एका त्रुटीपायी अर्ज परत आला तर प्रवेशाची तारीख हातची जाते.

मुंबईकरांचा घोळ जिल्हा निवडतानाच होतो. महसूल खात्याच्या हिशेबात मुंबई म्हणजे दोन जिल्हे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, धारावी धरून, मुंबई शहर. त्यापुढे मुंबई उपनगर, त्यात तीन तालुके: वांद्रे ते जोगेश्वरी अंधेरी तालुका, गोरेगाव ते दहिसर बोरीवली, आणि कुर्ला-चेंबूरपासून मुलुंडपर्यंत कुर्ला. पालिकेच्या वॉर्डाचा इथे संबंध नाही. घाटकोपरच्या माणसाने सवयीने 'मुंबई शहर' निवडले की अर्ज भलत्याच कार्यालयात जाऊन पडतो.

पोर्टलवर नोंदणी मोबाइलवरच्या ओटीपीने होते. नंबर स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा किंवा एजंटचा दिलात तर अर्जाचे सगळे निरोप त्याच्याकडे जातात आणि तुम्ही अंधारात राहता.

कागदांत ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला आणि स्वयंघोषणापत्र लागते. खरी अडचण येते ती महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याच्या पुराव्यात. एकच ताजे वीजबिल जोडून भागत नाही. वर्षे सलग दिसली पाहिजेत: जुने रेशनकार्ड, शाळेचे बोनाफाइड, भाडेकरार, जुनी बिले अशी साखळी लावा. चाळीतून पुनर्विकासाच्या इमारतीत गेलेल्यांनी दोन्ही पत्त्यांचे कागद जोडावेत. रेशनकार्डाचे नावांचे पान आणि आधारची मागची बाजू हमखास राहून जाते. आधारवर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे स्पेलिंग असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज करा.

स्कॅन करताना फॉर्मवर दिलेली किमान आणि कमाल, दोन्ही मर्यादा पाहा. फाइल फार लहान असली तरी पोर्टल ती घेत नाही. शिवाय अति दाबलेल्या फाइलमधला शिक्का वाचता येत नाही आणि कारकून 'अस्पष्ट' शेरा मारून अर्ज परत पाठवतो.

पैसे भरल्यावर मिळणारी पावती जपून ठेवा. तिच्यावरचा अर्ज क्रमांक हाच तुमचा पुरावा, कारण महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली हा दाखला देण्याची मुदत १५ दिवसांची ठरलेली आहे. मात्र ती मोजली जाते परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी लॉगिन करून स्थिती पाहा. त्रुटी निघाली तर त्याच अर्जात कागद जोडा, नवा अर्ज टाकू नका.

मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर खिडकीशी विनवण्या करत बसू नका. नाकारण्याचे कारण लेखी मिळणे हा तुमचा हक्क आहे. ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करा. अपिलात अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, मुदत संपल्याची तारीख आणि 'दाखला मिळावा' ही मागणी, एवढेच लिहा. लांबलचक गाऱ्हाण्यात मुद्दा हरवतो. तिथे दाद मिळाली नाही तर द्वितीय अपील, त्यानंतर ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रोजंदारी बुडवून चकरा मारणाऱ्या माणसाच्या हाती ही तरतूद असते आणि बहुतेकांना ती ठाऊकच नसते, याची फार खंत वाटते.

दाखला आल्यावर पीडीएफवर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसेल. दाखला खोटा नाही. तुमच्या संगणकाने सहीच्या प्रमाणपत्रावर अजून विश्वास नोंदवलेला नसतो, इतकेच. अॅडोबी रीडरमध्ये सहीवर राइट क्लिक करून सहीची पडताळणी करा, प्रमाणपत्र विश्वासार्ह यादीत घाला, पुन्हा पडताळा, हिरवी खूण आली की प्रिंट काढा. मोबाइलवर हे सहसा जमत नाही. कॉलेजने तरीही शंका काढली तर पोर्टलवरच्या पडताळणीच्या पानावर दाखल्याचा क्रमांक टाकून त्यांच्यासमोरच उघडून दाखवा.