मॉडेलवर फॉइल चढवताना गोंदाच्या या चुका टाळा

रंग न दिलेल्या, उघड्या ॲल्युमिनियमच्या विमानाचं प्लास्टिक मॉडेल करायचं असेल, तर चंदेरी रंगापेक्षा खरी फॉइल केव्हाही उजवी दिसते. पण ती फुगली, सुरकुतली किंवा कडेनं उठली की दोष हाताला दिला जातो. बहुतेक वेळा चूक गोंदाची असते, आणि त्यातही एकच चूक पुन्हा पुन्हा होते: गोंद ओला असतानाच फॉइल ठेवली जाते.

कागद-लाकूड चिकटवण्याचा अनुभव इथे दगा देतो. कागद ओलावा शोषतो आणि हळूहळू बाहेर सोडतो, म्हणून ओल्या गोंदावर तो दाबून बसवला तरी चालतं. इथे वर धातू आणि खाली पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिक. दोन्हींतून पाणी बाहेर पडत नाही. आत अडकलेल्या ओलाव्याला फक्त कडेनं वाट मिळते. त्यामुळे कडा पकडतात, मधला भाग ओलाच राहतो आणि बोट फिरवलं की फॉइल सरकते. गोंद थिनरवर आधारलेला असेल तर आणखी वाईट, कारण कोंडलेला थिनर खालचं प्लास्टिक मऊ करत बसतो. म्हणून फॉइलसाठी असा गोंद हवा, जो आधी पूर्ण वाळेल आणि वाळल्यावरही चिकट राहील.

घरात आहे तोच गोंद वापरणं

नेहमीचा पांढरा गोंद या कसोटीवर लगेच बाद होतो. वाळला की त्याचा चिकटपणा जातो आणि ओला लावला तर वर सांगितलेली गत होते. मॉडेल जोडायचं प्लास्टिक सिमेंट मुळात प्लास्टिक विरघळवून सांधा करतं. धातू त्यात विरघळत नाही, म्हणजे पकडायला काही उरतच नाही. सुपर ग्लू धातूला पकडतो खरा, पण क्षणात. फॉइल सरळ करायला वेळ मिळत नाही, आणि आजूबाजूला पांढरट धुकं धरतं. सुटलेलं एखादं टोक टाचणीच्या टोकाइतक्या थेंबानं बसवायचं, एवढाच त्याचा उपयोग. दुतर्फी टेप जाड असते, तिच्याखाली पॅनलच्या रेषा, म्हणजे पत्र्याचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेषा, बुजतात.

रबरी काँटॅक्ट गोंद वापरणारे आहेत. त्याच्याच थिनरनं पातळ करून, फक्त फॉइलवर लावून, पूर्ण सुकू दिला तर तो चालतो. पण त्याच्या तारा सुटतात, गाठी राहतात, आणि एकदा टेकलेली फॉइल न फाटता उचलता येत नाही. मी तो सुचवणार नाही. स्प्रेच्या गोंदाचे बारीक थेंब फॉइलखालून वाळूसारखे दिसतात.

थर जाड ठेवणं

स्वयंपाकघरातली साधी फॉइल साधारण 16 मायक्रॉन जाड धरली, तर 1/48 च्या मॉडेलवर, म्हणजे खऱ्याच्या 48 पट लहान मॉडेलवर, ती खऱ्या मापात 0.77 मिलिमीटर होते, खऱ्या विमानाच्या पत्र्याच्या जवळपास. हा फायदा जाड गोंदानं घालवू नका. ब्रशचा एकेक फराटा वरून दिसतो.

फॉइलसाठी बनवलेला पाण्यावर आधारित गोंद यासाठी सर्वांत सोपा. मायक्रोस्केलचा ‘मायक्रो मेटल फॉइल ॲडहेसिव्ह’ हे त्याचं ओळखीचं उदाहरण. फॉइल काचेवर पालथी पसरा आणि मऊ, रुंद ब्रशनं मागच्या बाजूला पातळ थर द्या. लावताना तो दुधाळ असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो. दुधाळपणाचा एकही ठिपका उरला असेल तर थांबा. घाई झाली की फुगे आलेच. पारदर्शक झाल्यावर पॅनलपेक्षा थोडा मोठा तुकडा कापा, मधून कडेकडे इअरबडनं घोटा, रेषांमध्ये दातकोरणं फिरवा आणि मग नव्या पात्यानं कडा छाटा. बोथट पातं फॉइल कापत नाही, ओढतं. तेव्हा उठलेल्या कडेसाठी गोंद बदलण्याआधी पातं बदलून पाहा.

वर्खाला फॉइलचा गोंद लावणं

वर्ख हे वेगळंच प्रकरण. सोन्याचा वर्ख जेमतेम 0.1 मायक्रॉन जाड असतो. त्याच्या पाठीवर गोंद लावणं अशक्य, म्हणून गोंद मॉडेलवर लावावा लागतो. त्यासाठी मुलामा देणारे कारागीर वापरतात ते ‘साइज’, म्हणजे वर्ख धरून ठेवणारा गोंद, घ्या. तेलाचं साइज चिकट व्हायला काही तास घेतं, पाण्याचं लवकर तयार होतं. बोटाच्या पेराची मागची बाजू अलगद टेकवून पाहा: पेर ओलं न होता हलकेच ओढलं गेलं, तर वेळ झाली. त्याआधी ठेवलेला वर्ख साइजमध्ये बुडतो आणि निस्तेज होतो.

स्वयंचिकट फॉइलवर डोळे मिटून भरवसा

1/24 च्या गाडीच्या क्रोम पट्ट्यांसाठी पाठीवर गोंद असलेली तयार फॉइल उत्तम. पण तिचाही गोंद वयानुसार बिघडतो. बरेच दिवस पडून असलेली फॉइल वापरणार असाल तर आधी टाकाऊ प्लास्टिकवर छोटा तुकडा घोटून बघा.

गोंद बरोबर, तरी फॉइल सुटते

मग खाली बघा. भाग साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेल आणि बोटांचा तेलकटपणा साबणाच्या कोमट पाण्यानं निघतो. खाली रंग असेल आणि त्यानंच प्लास्टिक नीट धरलं नसेल, तर फॉइलसोबत रंगाचा पापुद्राही उठतो. इनॅमल रंग पूर्ण कडक व्हायला द्या. धुळीचा कण तर गोंद कितीही चांगला असला तरी वरून दिसणारच.

तुकडे एकमेकांवर कौलांसारखे चढू द्या: शेपटीकडून नाकाकडे या, म्हणजे उघडी कड मागे राहते आणि हाताळताना अडकत नाही. आणि सगळं विमान मढवण्याआधी संदर्भ तपासा. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-51 मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाच्या पंखांचे सांधे पुट्टीनं भरून वर चंदेरी रंग दिला जाई. तिथे फॉइल लावणं म्हणजे मेहनत करून चूक करणं.

एकटा फुगा राहिला तर बारीक सुईनं टोचा आणि छिद्राकडे घोटत हवा काढा. ओळीनं फुगे असतील तर टोचत बसू नका. गोंद ओला होता असं समजा, तो तुकडा काढा आणि नवा लावा. मागे राहिलेला गोंद लायटरच्या पेट्रोलनं पुसता येतो, पण आधी लपलेल्या जागी चाचणी घ्या आणि आसपास ज्योत नको. ॲसिटोन मात्र नकोच, ते पॉलिस्टायरीन विरघळवतं.