‘कळलं का?’ विचारणं सोडा : कामावरचं इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांसाठी

नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला लागून मला आता सहावं वर्ष आहे. पहिली दोन वर्षं मी त्यांना एक चुकीची गोष्ट अगदी मन लावून शिकवली. तिच्याबद्दल सांगायचं म्हणूनच हे लिहितेय. धड्याचा आराखडा, गटकाम, फळ्याचा वापर हे तुम्हाला येत असेल, नाहीतर प्रशिक्षणात येईलच.

माझ्या वर्गात गोदामात पॅकिंगचं काम करणाऱ्या एक ताई होत्या. पहिल्या बाकावर बसायच्या, वही नीटनेटकी, काहीही विचारलं की ‘येस मॅडम’ तयार. एकदा वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. सुपरवायझरने ‘फिफ्टी बॉक्सेस’ बाजूला काढायला सांगितलं होतं, त्यांना ‘फिफ्टीन’ ऐकू आलं. पंधरा बाजूला राहिली, बाकीची खोकी गाडीत चढली आणि गाडी निघून गेली. त्यांना लेखी समज मिळाली होती. तो कागद त्यांनी चार घड्या घालून वहीत ठेवला होता. म्हणाल्या, “मला शंका आली होती हो मॅडम. पण त्यांनी ‘अंडरस्टँड?’ विचारलं आणि तोंडातून येस निघून गेलं.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी माझाच तास फोनवर रेकॉर्ड केला. ‘अंडरस्टँड?’, ‘ओके?’, ‘क्लिअर?’ असं मी पहिल्या दहाच मिनिटांत अकरा वेळा विचारलं होतं, आणि अकराही वेळा वर्गाने ‘येस’ म्हटलं होतं. म्हणजे न कळता ‘हो’ म्हणायचा सराव मीच रोज करून घेत होते. ताईंनी गोदामात तेच केलं जे माझ्या वर्गात त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण तुम्हीही यात अडकणार आहात. ‘अंडरस्टँड?’ या प्रश्नाला एकच उत्तर चालतं. ‘नो’ म्हणायचं तर चारचौघांत आपलं अज्ञान कबूल करायचं. बरं, नुसत्या ‘नो’ने काही सुटतही नाही. काय कळलं नाही, हे इंग्रजीत सांगावं लागतं आणि नेमके तेच शब्द जवळ नसतात. कामावर तर विचारणारा वरिष्ठ असतो, घाईत असतो, बोलता बोलता पाठ वळवून निघालेला असतो. अशा वेळी ‘येस’ म्हणजे सुटका. आळस, बेपर्वाई यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि तसं समजून शिकणाऱ्यावर चिडलात तर तो पुन्हा शंका विचारणार नाही.

त्यात आपल्या भाषेची आणखी एक गाठ आहे. “तुझ्याकडे किल्ली नाही ना?” याला आपण सहज म्हणतो, “हो, नाहीये.” इंग्रजीत ‘यू डोन्ट हॅव द की?’ याला किल्ली नसेल तर ‘नो’ म्हणावं लागतं. आपला माणूस ‘येस’ म्हणतो आणि समोरचा समजतो की किल्ली आहे. यावर नियम पाठ करून घेत बसू नका. सुट्टं येस-नो टाळायला लावा आणि ‘आय डोन्ट हॅव इट’ हे पूर्ण वाक्य तोंडात बसवा.

आता मी काय करते ते सांगते. सूचना दिली की मी ‘कळलं का?’ विचारत नाही. ‘किती खोकी? कुठे ठेवायची? कधीपर्यंत?’ असं विचारते. प्रशिक्षणात हे शिकवतात, मलाही शिकवलं होतं, पण तासाला उशीर होत असला की जीभ जुन्या वळणावर जाते. म्हणून समोरच्या भिंतीवर ‘किती, कुठे, कधी’ असा कागद लावून ठेवा. मी अजून लावते.

पण एवढ्याने अर्धंच काम होतं, कारण कामावरचा सुपरवायझर असे प्रश्न विचारणार नाही. पडताळून पाहण्याची कला शिकणाऱ्यालाच यायला हवी. बहुतेकांना फक्त ‘सॉरी?’ येतं. ‘सॉरी’ म्हटलं की समोरचा तेच वाक्य तसंच, फक्त मोठ्याने म्हणतो. त्याऐवजी जेवढं कळलं तेवढं परत द्यायचं आणि अडलंय तेवढंच विचारायचं : ‘ब्लू बॉक्सेस, ओके. हाऊ मेनी?’ मग शेवटी सगळं आपल्या तोंडाने एकदा म्हणायचं : ‘सो, फिफ्टी ब्लू बॉक्सेस, फाइव्ह-झीरो, बाय फोर. राइट?’

आकडे सुटे करून बोलायला मुद्दाम शिकवा. फिफ्टीनमध्ये जोर शेवटी आणि फिफ्टीमध्ये सुरुवातीला, हा नियम आपण फळ्यावर लिहितो. पण ‘फिफ्टीन बॉक्सेस’ असं जोडून बोललं की तो जोर बहुधा सुरुवातीकडे सरकतो आणि गोंगाटाच्या जागी शेवटचा ‘न’ही हरवतो. ताईंचा कान काही कच्चा नव्हता. वन-फाइव्ह आणि फाइव्ह-झीरो मात्र यंत्राच्या खडखडाटातही वेगळे ऐकू येतात.

ऐकलेलं असं परत म्हणून खात्री करणं विमानवालेही करतात, आणि त्यांनी यासाठी फार मोठी किंमत मोजली आहे. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफे बेटावर दोन बोइंग ७४७ धावपट्टीवर धडकली आणि ५८३ माणसं गेली. धुकं होतं, गर्दी होती, कारणं अनेक होती. पण त्यात एक ‘ओके’ही होतं. उड्डाणाची परवानगी नसलेल्या वैमानिकांनी आपण टेकऑफला आहोत असं कळवलं, मनोऱ्यातून ‘ओके’ आलं, आणि त्यापुढचं ‘थांबा’ रेडिओच्या शिट्टीत बुडालं. आज वैमानिकाला परवानगी मिळाली की ती नुसत्या ‘ओके’ने चालत नाही, शब्दांत परत म्हणावी लागते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी वैमानिकाला इंग्रजीच्या सहापैकी किमान चौथी पातळी लागते. गैरसमज झाल्यासारखा वाटला तर पडताळून, खात्री करून, स्पष्ट करून घेता येणं हे त्या पातळीच्या वर्णनातच आहे. मातृभाषेची छाप असलेला उच्चार तिथे चालतो, ऐकणाऱ्याला समजण्याशी मतलब. म्हणून ‘अॅक्सेंट घालवा’ म्हणणाऱ्या कोर्सांवर माझा राग आहे. खात्री करून घ्यायला शिकायचे तास त्यात वाया जातात. ‘ऑफिससाठी शंभर वाक्यं’ छापाच्या याद्यांचंही तेच. पाठ वाक्य म्हणता येतं, पण समोरून काय येईल ते यादीत नसतं.

सरावासाठी मी भोक असलेली सूचना देते. ‘प्लीज टेक दीज टू द ऑफिस बिफोर लंच.’ ऑफिसं दोन आहेत, कोणतं ते सांगत नाही. जो विचारेल त्याचंच काम पूर्ण होतं. पहिल्या आठवड्यात वर्ग गप्प बसेल. ती शांतता तुम्हाला खायला उठेल आणि उत्तर सांगून टाकावंसं वाटेल. सांगू नका. मनात दहा आकडे मोजा. माझ्या एका वर्गात तिसऱ्या दिवशी पहिला ‘विच ऑफिस?’ आला. तुमच्याकडे दोन आठवडे लागले तरी घाबरू नका, येतो. नंतर त्याच सूचना वर्गाकडे पाठ फिरवून उभं राहून द्या, पुटपुटत द्या, मागे पंखा लावून द्या.

जमलं तर शिकणाऱ्यांच्या कामाच्या जागी परवानगी घेऊन अर्धा दिवस नुसतं उभं राहा. पुस्तकातला संवाद तिथे ऐकू येत नाही. अर्धी वाक्यं, बोट दाखवणं, ‘दॅट वन, नो, द अदर वन’ असंच चालतं. ईमेल वगैरे नंतर शिकवता येतात, तिथे विचार करायला वेळ तरी असतो.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. तुम्हाला आपल्या नोट्स देणारा नको, तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसणारा शोधा. माझ्या तासाला पहिल्याच महिन्यात कोणी बसलं असतं, तर ते अकरा प्रश्न त्याने पहिल्याच दिवशी मोजले असते. दोन वर्षांच्या त्या बॅचेसमधली माणसं आज कुठे कुठे ‘येस’ म्हणत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ताई पुढची बॅचही करून गेल्या. मध्ये एकदा सांगत होत्या, ‘फाइव्ह-झीरो ऑर वन-फाइव्ह?’ विचारल्यावर सुपरवायझर पहिल्यांदा वैतागला. दुसऱ्यांदाही वैतागला. महिन्याभराने तो स्वतःच हाताची पाच बोटं दाखवून मग मूठ मिटायला लागला, म्हणजे पाच आणि शून्य.