प्रबंधाचं प्रकरण रोज पुढे ढकललं जात होतं, शेवटी हे लागू पडलं

लक्षण असं: फाईल रोज उघडते, पण शब्द वाढत नाहीत. संदर्भसूची लावून होते, फॉन्ट बदलून होतो, कपाटही आवरून होतं. प्रकरण जिथल्या तिथे. फार मनस्ताप झाला.

पहाटे ५ ला उठणं, तासवार वेळापत्रक, फोन दुसऱ्या खोलीत: तिन्ही आठवडाभरात बंद पडलं. २५ मिनिटांचा गजर लावून तेवढा वेळ सलग काम करणं बरं, पण सुरुवातच टळत असेल तर गजर लावणंही टळतं. अडचण कामाच्या नावात होती. ‘प्रकरण ३ लिहिणे’ हा ढीग आहे. हात कुठून घालायचा ते कळत नाही, म्हणून मन पळतं.

लागू पडलेला क्रम: आदल्या रात्री कागदावर एकच कृती लिहायची, १५ मिनिटांत होईल एवढी. उदाहरणार्थ, ‘तक्ता २ मधल्या वाढीचं कारण ४ वाक्यांत लिही’. सकाळी ब्राउझर उघडण्याआधी तेवढंच. वाक्यं वाईट आली तरी खोडायची नाहीत, दुरुस्ती दुपारी. आकडा किंवा संदर्भ आठवला नाही तर तिथे ‘###’ टाकून पुढे जायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण शोधायला गेलं की अर्धा तास गेलाच. नंतर ‘###’ शोधलं की सगळ्या जागा सापडतात. थांबताना वाक्य अर्धवट सोडायचं; उद्याची सुरुवात आयती मिळते.

टाळावंसं तरीही वाटतंच. त्यासाठी शेजारी दुसरी यादी: आकृत्यांना क्रमांक, मार्गदर्शकांना ईमेल, तक्त्यांची शीर्षकं. टाळायचं ते यातलं एखादं करून. ही यादी मात्र ५ कामांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर तीच मुख्य काम होऊन बसते.