जग नसलेला ड्रिप कॉफी मेकर घरात आलाय? मग तो असा वापरा

आमच्याकडे हे मशीन पहिल्यांदा ओट्यावर ठेवलं तेव्हा कामाला येणाऱ्या बेननी ते चारी बाजूंनी बघितलं, झाकण उघडून आत डोकावलं आणि विचारलं, "बेन, आमां तपेली क्यां छे?" म्हणजे ताई, यात पातेलं कुठंय? प्रश्न अगदी बरोबर होता. नेहमीच्या ड्रिप कॉफी मेकरला खाली काचेचा जग असतो, कॉफी त्यात पडते. याला जग नाहीच. कॉफी पोटातल्या टाकीत जमा होते, टाकीखाली हीटर असतो म्हणून ती गरम राहते, आणि समोरच्या पट्टीवर मग दाबला की मगमध्ये पडते. थोडक्यात फिल्टरचा माठ, फक्त गरम. हॅमिल्टन बीचची ब्रूस्टेशन किंवा क्विझिनार्टची कॉफी ऑन डिमांड ही याच जातीतली मशीनं.

इथे दुकानात जास्त करून काचेच्या जगवालंच दिसतं. हे असलं बहुतेक वेळा न्यू जर्सीहून कोणाच्या तरी बॅगेतून येतं, बडोद्यात तर घराआड एक जण तिकडे आहेच. आमचं आतेभावाने आणलं. आणि त्याने आणलं म्हणूनच पहिली पायरी कॉफीची नाही, विजेची आहे.

प्लग लावायच्या आधी मशीन उलटं करा

खाली स्टिकर असतो, तो वाचा. त्यावर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ लिहिलं असेल तर ते मशीन आपल्या 230 व्होल्टच्या प्लगला थेट लावायचं नाही, नाही म्हणजे नाही. हीटरला जवळजवळ दुप्पट व्होल्टेज दिलं की तो साडेतीन पटीहून जास्त वीज खेचतो, म्हणजे 950 वॅटचं मशीन साडेतीन हजार वॅटवर जायला बघतं आणि आतला थर्मल फ्यूज तरी उडतो नाहीतर आणखी काही जळतं. आमची एक तिकडची इस्त्री अशीच दोन मिनिटांत गेली होती, वास आठवडाभर होता. बॅगेत मिळणारा छोटा ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज तेवढंच राहतं, त्यावर विसंबू नका.

लागतो तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. इलेक्ट्रिकच्या दुकानात "अमेरिकेच्या मशीनसाठी 230 चं 110 करणारा" म्हटलं की कळतं. मशीन 950 किंवा 1000 वॅटचं असेल तर ट्रान्सफॉर्मर 1500 चा घ्या, काठावरचा घेऊ नका, आणि अर्थिंगची पिन असलेलाच घ्या. जड असतो, थोडा घूं घूं करतो, गरमही होतो, म्हणून तो सिंकपासून लांब आणि मोकळ्या हवेत ठेवा. मशीन आपोआप बंद झालं तरी ट्रान्सफॉर्मर चालूच असतो, त्यामुळे कॉफी झाली की भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावून घ्या.

अजून एक गंमत, जी आम्हाला पंधरा दिवस कळलीच नाही. मशीनवरचं घड्याळ रोज मागे पडायचं, आणि थोडंथोडकं नाही, तासाला दहा मिनिटं! कारण असं की काही मशीनं वेळ मोजायला विजेचे हेलकावे मोजतात, सेकंदाला 60 असे धरून, आणि आपल्याकडे ते 50 च येतात, ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो पण हे आकडे बदलत नाही. म्हणजे सकाळी सहाचा टायमर लावून झोपायचा विचार सोडून द्या, आणि दोन तासांनी होणारं ऑटो-ऑफ इकडे 2 तास 24 मिनिटांनी होतं हेही धरून चाला. सासरे रोज घड्याळ जुळवायचे, शेवटी मी त्यावर काळी टेप लावली.

पावडर कोणती

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. "फिल्टर कॉफी" म्हणून जे पाकीट मिळतं त्यात बहुतेक वेळा चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पावडर, असते. पाकिटावर टक्केवारी लिहिलेली असते, कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे अर्धं पाकीट. चिकोरीला माझा विरोध नाही, स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमध्ये ती मस्तच लागते. पण या मशीनमध्ये नको. ती बारीक असते, पाणी पडलं की फुगते, चिकट होते, गाळण तुंबतं, पाणी पावडर ठेवायच्या बास्केटच्या काठावरून चोथ्यासकट खाली टाकीत जातं आणि तिथून थेट कॉफी बाहेर सोडणाऱ्या खालच्या व्हॉल्व्हमध्ये. जगवाल्या मशीनमध्ये निदान जग धुता येतो, इथे चोथा व्हॉल्व्हच्या रबरात अडकून बसतो.

तर घ्यायची ती शंभर टक्के कॉफी, चिकोरीशिवाय, मध्यम दळलेली. मध्यम म्हणजे हाताला बारीक रव्यासारखी कणीदार लागली पाहिजे, टाल्कम पावडरसारखी नको. बिया घरी दळणार असाल तर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात तीन-चार सेकंदांचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा, सलग फिरवू नका, तळाशी पीठ होतं आणि वर अख्ख्या बिया तशाच राहतात.

बास्केटमध्ये पेपर फिल्टर लावायचा का जाळी? मी पेपर लावते, चपट्या तळाचा. त्यात बारीक गाळ अडकतो आणि कॉफीतलं तेलही बरंचसं अडकतं, ज्यांना कोलेस्टेरॉल जपायला सांगितलंय त्यांनी तर पेपरच लावावा. पेपर फिल्टरची कल्पना 1908 मध्ये जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ नावाच्या बाईंची, त्यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून पहिला फिल्टर केला होता. हे वाचून तुम्ही टीपकागद लावू नका. पेपर संपले तर जाळी लावा, कॉफी थोडी गढूळ येईल, चालतं.

आता कॉफी

नवं मशीन असेल तर आधी दोनदा नुसतं पाणी घालून चालवा आणि ते पाणी फेकून द्या, नाहीतर पहिली कॉफी प्लास्टिकची लागते.

मग मागच्या भागात पाणी भरा. त्यावरचे "कप" आपले कप नाहीत, ते साधारण 150 मिलीचे आहेत, म्हणजे बारा कप म्हणजे पावणेदोन लिटर, आणि आपल्या मोठ्या मगात ते सहाच होतात. माझं रोजचं माप म्हणजे 4 च्या खुणेपर्यंत पाणी, साधारण 600 मिली, आणि कोरी प्यायची असेल तर 33 ते 35 ग्रॅम पावडर. चमच्याने अंदाज चुकतो, किचनमधला छोटा वजनकाटा काढा. 600 घातलं म्हणून 600 परत मिळत नाही, चोथा वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसतो. चारच्या खाली शक्यतो जाऊ नका, एवढ्या मोठ्या बास्केटमध्ये चमचाभर पावडरीचा पातळ थर होतो, पाणी त्यातून पळून जातं आणि कॉफी पांचट होते. काही मशीनना 1-4 कपाचं वेगळं बटण असतं, ते असेल तर दाबा.

आणि हे वाचल्याशिवाय बटण चालू करू नका: आधी टाकी रिकामी आहे का बघा. जग असता तर दिसलं असतं. इथे दिसत नाही. आमच्याकडे गणपतीत पाहुणे होते, सकाळची पाच-सहा कप कॉफी आत तशीच होती, मी दुपारी भरभरून पाणी आणि पावडर घातली, बटण दाबलं आणि आरतीला गेले. आरतीवरून आले तर ओट्यावरून कॉफीची धार खालच्या ड्रॉवरमध्ये, चमचे, लाटणं, मोदकाचा साचा सगळं कॉफीत. मशीनची काही चूक नव्हती. तेव्हापासून नियम असा की सुरू करायच्या आधी एक रिकामा मग पट्टीवर दाबायचा, काही आलं नाही तरच पुढे.

झाकण आणि टाकी नीट बसलेत, खटका लागलाय, हेही बघा. सहा-सात मिनिटांत आवाज वाढतो, वाफ येते, म्हणजे पाणी संपत आलं. लगेच मग दाबू नका, वरून थेंब पडायचं थांबू द्या, कारण पहिली उतरलेली कॉफी दाट असते आणि शेवटची पातळ, टाकीत सगळी मिसळली की चव सारखी होते.

मग दाबण्याचीही एक पद्धत आहे. पट्टी मगाच्या काठाने दाबली जायला हवी आणि मग सरळ हवा. स्टीलचं फुलपात्र गुळगुळीत असतं, सरकतं, आणि दोन सेकंदांत बोटं भाजतात. सासऱ्यांना फुलपात्रच हवं असतं, म्हणून त्यांच्यासाठी आधी मगात काढून मग ओतते. पट्टी सोडली तरी दोन-चार थेंब पडतातच, घाईने मग ओढलात तर ते ओट्यावर.

कॉफी आत किती वेळ ठेवायची? अर्धा तास छान, तासभर चालते, त्यानंतर ती कडूही होते आणि आंबटही. हीटर मशीनचा गुण म्हणून सांगतात, पण जास्त वेळ तापत राहणं हेच कॉफी बिघडायचं कारण. दुपारपर्यंत हवी असेल तर थर्मासमध्ये काढून ठेवा. वास वेगळा राहतो, खरंच.

दुधाची हवी असेल तर

बहुतेकांना हवीच असते. टाकीत दूध घालायचं नाही, मागे पाण्याच्या जागी तर अजिबातच नाही, नळीत करपलं की मशीन गेलं. साखरही आत नको. त्याऐवजी पावडर वाढवा. 600 मिली पाण्याला 50 ग्रॅम घातली की पाचशे मिलीच्या आसपास कडक डिकॉक्शन येतं, त्यात गॅसवर तापवलेलं दूध अर्धं-अर्धं घाला. गार दूध घातलंत तर कॉफी कोमट होते आणि घरातले मशीनला नावं ठेवतात.

धुणं

माझ्या मते हे मशीन घ्यावं की नाही याचा निकाल इथे लागतो. काचेचा जग पिवळा पडला की आपोआप हात साबणाकडे जातो. टाकी मात्र डोळ्याआड असते, बाहेरून मशीन चकचकीत आणि आत तेलाचा तपकिरी थर, आणि तो खवट होतो. "हल्ली कॉफी बरी लागत नाही" म्हणून लोक पावडर बदलत बसतात, टाकी हुंगून बघत नाहीत.

रोज, मशीन गार झाल्यावर: बास्केट काढून चोथा कुंडीत किंवा कचऱ्यात टाका, सिंकमध्ये नको. टाकी निघत असेल तर काढा, कोमट पाणी आणि थेंबभर भांड्यांचा साबण घालून बाटली धुवायच्या मऊ ब्रशने फिरवा. तारेची घासणी लावू नका, आतलं कोटिंग खरवडतं. मग टाकी सिंकवर धरून खालचा व्हॉल्व्ह बोटाने चार-पाचदा दाबा, पाणी जोरात निघून जाऊ दे. शेवटचे दोन घोट कॉफी नेहमी व्हॉल्व्हच्या खालच्या बाजूला अडकून राहतात, वास मारतो तो त्याचाच.

थेंब थेंब गळायला लागलं तर घाबरून मेकॅनिक शोधू नका. दहातल्या नऊ वेळा रबराच्या चकतीखाली चोथ्याचा एक कण असतो. माझा निघाला तो साधा जुन्या टूथब्रशने, कण मोहरीएवढासुद्धा नव्हता आणि त्याच्यापायी आठवडाभर मी खाली वाटी ठेवत होते. रबर चिरलं असेल तर मात्र बदलावंच लागतं, तिकडून कोणी येणार असेल तर एक जास्तीचं मागवून ठेवा.

लिंबूफूल

आत एक यू आकाराची नळी असते, तिच्याला चिकटून हीटर. पाणी नळीत उकळतं आणि बुडबुडे त्याला वर ढकलतात, पंप वगैरे काही नसतो. नळीत क्षार बसले की ती अरुंद होते, मग वेळ जास्त लागतो, गुरगुर वाढते, वाफच जास्त आणि पाणी कमी. बडोद्याला येणारं आजव्याच्या तलावाचं पाणी, सयाजीरावांनी 1892 मध्ये पूर्ण केलेल्या सरोवराचं, बोअरच्या मानाने हलकं, म्हणजे क्षार कमी. आमच्या सोसायटीत बोअर मिसळतात, नळाच्या तोटीवरसुद्धा पांढरा थर बसतो, त्यामुळे मी दर महिन्याला साफ करते. पाणी हलकं असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुरे.

किराण्याच्या दुकानात ढोकळ्यासाठी मिळतं ते लिंबूना फूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, दोन मोठे चमचे एक लिटर पाण्यात विरघळवा. मागे भरा, पावडर न घालता चालू करा, अर्धं उतरलं की बंद करून वीसेक मिनिटं तसंच सोडा, मग उरलेलं चालवा. टाकीतलं पाणी पट्टी दाबूनच काढा, म्हणजे व्हॉल्व्हही साफ होतो. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तरी चालतं, पण घरभर लोणच्यासारखा वास सुटतो. सोबत खायचा सोडा घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, फेस मस्त येतो पण दोघं एकमेकांना मारतात आणि क्षार जागच्या जागी राहतात.

नंतर साध्या पाण्याने दोनदा चालवा. दुसऱ्यांदा आलेलं पाणी चमच्याने चाखून बघा, आंबट लागलं तर तिसऱ्यांदा. मग टाकी पालथी घाला आणि सगळी झाकणं रात्रभर उघडी ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच, बंद ठेवलं की दोन दिवसांत बुरशी येते. फक्त झाकण उघडं ठेवताना वर पातळ फडकं टाका, झुरळांना उबदार ओलसर जागा फार आवडते.