कोंबडी मेलेली नव्हती, लोळत होती: नव्याने पाळणाऱ्यांनी या चुका टाळा

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी अंगणात गेलो तर तांबडी कोंबडी कुशीवर पडलेली. एक पाय ताणलेला, पंख पसरलेला, डोळे अर्धे मिटलेले, मान वाकडी. काहीतरी चावलं म्हणून धावत जाऊन उचलली, तर तिने जोरात फडफड केली, माझ्या तोंडावर माती उडवली आणि तणतणत निघून गेली. बाईसाहेबांची अंघोळ चालली होती! कोंबडी मऊ, कोरड्या मातीत खळगा करते, पिसांच्या मुळापर्यंत माती घेते आणि मग झटकते. पिसांवरचं जादा तेल आणि उवा अशाने कमी होतात. त्यानंतर उन्हात मेल्यासारखं पसरून पडणं हा तिचा सुखाचा कळस. म्हणून अंगण सगळं फरशी-सिमेंटचं असेल, तर निदान एका घमेल्यात कोरडी माती भरून ती पावसापासून आडोशाला ठेवा. पाण्याने अंघोळ घालायची हौस मात्र आवरा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मायेपोटीच होते: थंडी लागेल म्हणून खुराडं चहूबाजूंनी बंद करणं. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. अंग कोरडं असेल तर पिसं फुगवून ती थंडीची रात्र सहज काढते. तिला बाधते ती दमट, कोंदट हवा. रात्रभराची विष्ठा आणि श्वासाची वाफ आत साचते, अमोनिया तयार होतो, मग डोळ्यांतून पाणी, शिंका, घशात घरघर. एक सोपी परीक्षा आहे. सकाळी दार उघडल्याबरोबर गुडघ्यांवर बसा आणि कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. उभं राहून काही कळत नाही, मी कित्येक दिवस उभं राहूनच ‘ठीक आहे’ म्हणत होतो. नाकात झोंबलं तर खाली अंथरलेला भुसा बदला आणि झरोके वाढवा. झरोके दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवेत, म्हणजे वाफ वरून निघून जाते आणि वाऱ्याचा झोत अंगावर येत नाही.

झरोक्याला आणि खुराड्याभोवती जाळी कोणती, हेही महत्त्वाचं. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा किंवा मुंगूस तिला जुमानत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि खालून उकरून कुणी येऊ नये म्हणून खुराड्याभोवतीची जाळी फूटभर जमिनीत गाडा.

पिल्लांचा प्रकार उलटा. त्यांना ऊब लागतेच: पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण लोक दिवा मधोमध टांगून अख्खी पेटी तापवतात. दिवा एका कोपऱ्यात असू द्या, म्हणजे नको तेव्हा पिल्लांना लांब सरकता येतं. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली एकमेकांवर चढून मोठ्याने ओरडत असतील तर गारठली आहेत. कडेला चोची उघड्या टाकून बसली असतील तर उकडतंय. सगळीकडे पसरून हलकी किलबिल करत असतील तर हात लावू नका. दिवा पक्क्या साखळीने बांधा, भुशात पडला तर आग लागते. आणि खाली नुसता गुळगुळीत कागद अंथरू नका, पिल्लांचे पाय घसरतात आणि कायमचे फाकतात.

खाद्याबाबत घोटाळा ठरलेला. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, तेच पिल्लांना रोज घातलं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. सगळे एकत्र असतील तर पिल्लांचं खाद्य सर्वांना घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्या कोंबडीला लागेल ती खाते.

सोबत शेळी असेल तर ती कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यापर्यंत पोचणार, हे गृहीत धरा. आमच्या शेळीने साधी कडी तोंडाने उघडली होती. आधी हसू आलं, मग रिकामं पोतं दिसलं आणि हसू पळालं. एकदम पोटभर धान्य गेलं की शेळीच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, आम्ल वाढतं, पोट फुगतं, जीवही जातो. अशा वेळी ‘बघू सकाळी’ म्हणू नका, लगेच पशुवैद्यांना बोलवा. खाद्य झाकणाच्या पिंपात आणि पिंप कुलपाच्या दाराआड ठेवा.

नवी कोंबडी आणली की थेट कळपात सोडणं ही आणखी एक हमखास चूक. आधी तीनेक आठवडे लांब, वेगळी ठेवा, कारण रोग बाहेरून दिसत नाही. मग आठवडाभर जाळीच्या आड, एकमेकींना दिसतील अशी. तरीही चोची मारल्या जातातच, कोण आधी दाणे टिपणार याची उतरंड नव्याने लागत असते. दाण्यापाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवली की बराच तंटा मिटतो. रक्त दिसलं तर मात्र जखमी कोंबडी ताबडतोब बाजूला काढा. लाल ठिपका दिसला की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

अंडी अचानक बंद झाली तर घाबरू नका. वर्षातून एकदा पिसं झडतात तेव्हा, दिवस लहान होतात तेव्हा किंवा कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहिली, की अंडी थांबतात. पण पिसं फुगवून, शेपूट खाली टाकून एकटी उभी असलेली कोंबडी खरंच आजारी असते. दुखणं लपवणं हा तिचा स्वभावच, आपल्याला दिसतं तोवर बरंच पुढे गेलेलं असतं.

खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवायची असतील तर एक हिशेब विसरू नका. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, साध्या बदकाची २८ दिवसांत. आमची तांबडी तो जादा आठवडाही चिकटून बसली. रोज एकदा उचलून तिला दाण्यापाण्यावर न्यावं लागायचं, नाहीतर वाळून गेली असती. पिल्लं निघाली आणि काही दिवसांतच पाण्याच्या पसरट भांड्यात शिरली. लहान पिल्लं भिजून गारठतात, म्हणून पाणी उथळ ठेवलं होतं, बाहेर यायला दगडाची पायरीही केली होती. तांबडी मात्र काठावर येरझारा घालत, पिसं पिंजारून ओरडत राहिली. तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या मातीत खळगा करून लोळत पडली. एक डोळा पाण्याकडे होता.