तुकडा-विटांचं कमानी छत बांधताय? या चुका टाळा

पाडकामातल्या विटा, फरशीचे कट वापरून कमानी छत करायचंय म्हणून कुणी विचारायला आलं की मनापासून बरं वाटतं. स्लॅबचं लोखंड वाचतं, सिमेंट वाचतं, आणि गावाबाहेर पडलेला राडारोडा कामी येतो. पण चुका मात्र त्याच त्याच, आणि सगळ्यात महागात पडणारी एकच: रेटा विसरणं.

स्लॅब भिंतीला नुसता खाली दाबतो, कमान बाहेरही ढकलते. दोन भिंतींमधला गाळा ३ मीटर, कमानीची मधली उंची ५० सेंमी, वजन माणसांसकट चौरस मीटरला २५० किलो धरा, तर भिंतीच्या दर मीटरला साधारण ५६० किलो आडवा रेटा येतो. उंची १ मीटर केली की तोच २८० वर. तरी लोकांना छत चपटंच हवं, का तर वर गच्ची होईल.

एका शेतकरी मित्राने खतं-बियाणं ठेवायला असंच छत केलं, भिंती ९ इंची, मातीत बांधलेल्या. मी आडवे रॉड टाकायला सांगितलं होतं, गवंडी म्हणाला जुन्या घुमटांत कुठं लोखंड होतं, आणि विषय तिथंच संपला. अहो, विजापूरच्या गोल घुमटात तो रेटा आतल्या कमानींवरच्या प्रचंड बांधकामाचं वजन सावरतं, ते तुमच्या ९ इंची भिंतीत कुठून येणार? तिसऱ्या आठवड्यात फोन आला, "दादा, वर रेघ दिसतीय." गेलो तर आतून माथ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चीर, पाच रुपयाचं नाणं उभं शिरेल एवढी, आणि ओळंबा सोडला तर भिंत वरती २० मिमी बाहेर. आधी आतून बल्ल्या, बाहेरून तिरपे टेकू. मग छतावरची माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवली, एका बाजूने काढली असती तर तेव्हाच कोसळलं असतं. मग दर ४ फुटांना १२ मिमीचा रॉड भिंतीतून आरपार, बाहेर जाड प्लेट आणि नट, रोज थोडासा पीळ. छत वाचलं. हेच रॉड आधी टाकले असते तर एका दिवसाचं काम होतं.

दुसरी चूक आकाराची. अर्धगोल दिसायला सोपा म्हणून सगळे तोच काढतात. पण दीड मीटर त्रिज्येची अर्धगोल कमान नुसत्या स्वतःच्या वजनाखाली उभी राहायलाही जवळपास १६ सेंमी जाडी लागते, लोक रचतात साडेसात सेंमी, आणि मग बाजूला फुगली की वाळूला दोष देतात. मी भिंतीवर दोन खिळे मारून साखळी सोडतो, ती लोंबते तसं खडूने गिरवतो आणि उलटं करून फर्मा कापतो. साखळी लोंबते तोच आकार उलटा केला की कमान उभी राहते, हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७५ मध्येच सांगून ठेवलंय, त्याला ना सॉफ्टवेअर लागतं ना इंजिनिअर.

कमानीखालचा साचा काढायची घाई करू नका. व्हिडिओत चौथ्या दिवशी काढतात म्हणून विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: १४ दिवस ओलं गोणपाट, मग साचा चारी बाजूंनी थोडा थोडा खाली, एकदम नाही.

शंका आली की सिमेंट वाढवायचं हेही बंद करा, जास्त सिमेंटचा माल आकसतो आणि तडकतो. मी १:१:६ वापरतो, सिमेंट, चुना, वाळू.

विटा कोरड्या लावू नका, मालातलं पाणी शोषून घेतात.

जुन्या विटा एकमेकींवर वाजवून बघा, खणखणीत वाजली तर वर, भदभद वाजली तर जोत्याच्या भरावात. पीओपी चिकटलेली वीट पूर्ण साफ होत नसेल तर सोडून द्या.

विटांची पोती, पाण्याचा ड्रम छताच्या एकाच बाजूला ठेवू नका, काम चालू असताना तर अजिबात नाही.

ग्लेझ्ड टाइलचे तुकडे छताच्या आत रचू नका, चकचकीत बाजूला माल धरत नाही. ते वर चायना मोझॅकला, म्हणजे गच्चीवरच्या तुकड्यांच्या फरशीला ठेवा, चकाकी आकाशाकडे, पांढरे असतील तर उत्तमच, ऊनही परतवतात. सांधे मात्र एकेक बोटाने दाबून भरा, पहिल्या पावसात पाणी तिथूनच येतं.