कवडशाच्या सोबतीने सुट्टीचा एक दिवस

सुट्टी लागली तरी कामाच्या दिवसांची घाई अंगातून लगेच उतरत नाही. म्हणूनच सुट्टीच्या पहिल्या दिवशी ‘आज सगळीकडे सौंदर्य शोधायचे’ असा संकल्प केला, तर तोही कामाच्या यादीतला आणखी एक मुद्दा होऊन बसतो. त्याऐवजी एकच गोष्ट निवडावी आणि दिवसभर अधूनमधून तिच्याकडेच परत यावे. ती गोष्ट उजेड असावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण तो प्रत्येक घरात येतो, आपण काहीही न करता बदलत राहतो आणि त्याच्या बदलण्याचा वेग माणसाला शांत बसवण्याइतकाच संथ असतो.

सकाळी घरात ऊन येण्याची जागा शोधून तिथे बसावे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. छायाचित्र काढले की पाहणे झाले असे मनाला वाटते आणि नजर पुढे निघून जाते. जमिनीवर किंवा भिंतीवर पडलेल्या कवडशाच्या एका कडेला खडूची बारीक रेघ मारावी आणि पंधरा मिनिटे तिच्याकडे पाहत राहावे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि आकाशात सूर्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश दिसते. म्हणजे दर दोन मिनिटांनी सूर्य स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. खिडकीपासून दोन-तीन मीटरवर पडलेला कवडसा त्यामुळे मिनिटाला सुमारे एक सेंटिमीटर पुढे जातो. पहिली पाच मिनिटे कंटाळ्यात जातील, आणि ती जाऊ द्यावीत. त्यानंतर केव्हातरी कड रेघेपासून सुटलेली दिसते, आणि मग ती सरकतानाही दिसू लागते. आपण बसलो आहोत ती जमीनच फिरते आहे हे शाळेत शिकलेले वाक्य मला पहिल्यांदा खरे वाटले ते अशाच एका सकाळी.

आता त्याच कडेकडे जरा वाकून पाहावे. वस्तू भिंतीला टेकलेली असेल तर तिच्या सावलीची कड धारदार दिसते आणि वस्तू जसजशी दूर न्यावी तसतशी ती मऊ होत जाते. सूर्य हा बिंदू नसून एक तबकडी असल्यामुळे सावलीच्या कडेला अर्धवट उजेडाचा पट्टा तयार होतो आणि तो दर मीटर अंतरामागे साधारण एक सेंटिमीटर रुंदावतो. स्वतःचा हात भिंतीजवळ धरून हळूहळू मागे घेतला, तर बोटांच्या सावल्या विरघळत जाताना दिसतात. बाहेर उघड्या आकाशाखाली पांढऱ्या कापडावर किंवा कागदावर पडलेली सावली पाहावी; ती काळी नसते, तिच्यात निळसर छटा असते, कारण सूर्य अडला तरी आकाशाचा निळा उजेड तिथे पोहोचतच असतो.

जवळ झाड असेल तर त्याच्या सावलीत उभे राहून खाली पडलेले उजेडाचे ठिपके पाहावेत. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी ठिपके बहुधा गोल किंवा लंबगोल दिसतात, कारण प्रत्येक बारीक फट सूर्याची प्रतिमा जमिनीवर पाडत असते. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. प्रतिमा जमिनीवरच पाहाव्यात. सूर्याकडे थेट कधीही पाहू नये, कारण त्याने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

दुपार विश्रांतीसाठी सोडून द्यावी. जेवढे पाहिले तेवढे एका वहीत चार ओळींत लिहिले तरी पुरे, मात्र ‘सुंदर’ हा शब्द टाळून रंग, कड, जागा आणि वेळ लिहावी.

सूर्यास्ताच्या आधी पुन्हा बसावे, आणि या वेळी पूर्ण अंधार होईपर्यंत घरातला दिवा लावू नये. दिवसातला सर्वांत समृद्ध काळ हाच आहे आणि आपण तो एका बटणाने रोज संपवून टाकतो, याचे मला खरोखर वाईट वाटते. समोर एखादी लाल आणि एखादी निळी वस्तू ठेवावी. भर उजेडात लाल रंग उठून दिसतो, पण संधिप्रकाश ओसरू लागला की लाल आधी काळवंडतो आणि निळा तुलनेने उजळ वाटू लागतो. यान पुर्किन्ये या बोहेमियातील शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या बदलाची नोंद केली आणि आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींकडून मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींकडे डोळ्याचे काम सोपवले जाते आणि दंडपेशींना गडद लाल जवळपास दिसतच नाही. हा बदल कोणत्या क्षणी झाला हे पकडण्याचा प्रयत्न करावा. तो निसटतो, आणि त्या प्रयत्नात अर्धा तास कसा गेला ते कळत नाही.

अंधार पडल्यावर डोळ्यांना सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि मध्येच फोनच्या पडद्याकडे पाहिले तर बराचसा सराव वाया जातो. आकाश मोकळे असेल तर एखाद्या अंधूक ताऱ्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे. नजरेच्या नेमक्या मध्यभागी दंडपेशी नसल्यामुळे बाजूने पाहताना तो तारा अधिक स्पष्ट होतो.

सकाळची खडूची रेघ पुसू नये, आणि तिच्याजवळ तारीख व वेळ लिहून ठेवावी. आठवड्याने त्याच वेळी कवडसा पुन्हा पाहावा. मार्च किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात तो रेघेपासून चार बोटांहून अधिक हटलेला असू शकतो, तर जून आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तो त्या मानाने बराच कमी हटलेला सापडतो.